ताइफचे ओ'सोहनी

सोहनीकाकांच्या आडनावाआधी 'ओ' लावला तो माझ्या बाबांनी. आयर्लंडमधली निम्मी आडनावं 'ओ'ने सुरू होतात, ही माहिती काकांनीच आम्हाला दिली होती. ती इतक्या वेळा दिली होती, की एका शुक्रवारी बाबा चपला घालता घालता आईला म्हणाले, "चल, ओ'सोहनींकडे चहाला बोलावलंय." त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांना दुसरं नाव राहिलं नाही. पुढे हे काकांच्या कानावर गेलं. आता काही खरं नाही, असं आम्हाला वाटलं. पण काका खूश झाले. म्हणाले, "त्यांच्या भाषेत 'ओ' म्हणजे नातू. मी सोहनींचा नातू आहेच की! चुकलंय कुठे?"

डॉ. प्रभाकर सोहनी मूळचे सांगलीचे. सौदी अरेबियातल्या ताइफच्या एका सरकारी हॉस्पिटलात सर्जन होते. माझे बाबा त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. स्टाफ क्वार्टर्सच्या इमारतीत काका तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. वर काका, मंगलकाकू आणि माझ्याच वर्गातला निखिल. खाली आईबाबा, मी आणि धाकटा ओंकार. आम्हाला तिथे दुसरं कुणी नातेवाईक नव्हतं, त्यामुळे सणवार, तापखोकला, परीक्षा सगळं या दोन मजल्यांवर मिळून व्हायचं.

काकांनी तरुणपणी डब्लिनमध्ये चार वर्षं काढली होती. सांगलीत बत्तीस काढली होती आणि सौदीत तेव्हा पंधरा होत आली होती. पण माणूस बोलायचा ते त्या चार वर्षांबद्दल. त्यातून त्यांनी दोन शब्द आणले होते. एक 'ग्रँड'. हा ते कशालाही लावायचे. काकूंनी केलेलं पिठलं ग्रँड, निखिलचे गणितातले चाळीस मार्क ग्रँड. बाबांनी एकदा स्वतःचा शुगरचा रिपोर्ट दाखवला, तर तो बघूनही "ग्रँड!" म्हणाले आणि मग तासभर झापलं. दुसरा शब्द 'सॉफ्ट डे'. ताइफ डोंगरावर आहे, तिथे अधूनमधून भुरभुर पाऊस येतो. चार थेंब पडले की काका बाल्कनीत येऊन खाली ओरडायचे, "बघताय ना? सॉफ्ट डे!" आई दोरीवरचे कपडे ओढत म्हणायची, "मऊ कसला, सगळं ओलं झालं."

भाजीबाजारात ते बांगलादेशी भाजीवाल्याला बटाट्याच्या जातींवर व्याख्यान द्यायचे. आयर्लंडचा बटाटा उकडला की कसा पिठासारखा फुटतो, आणि हा तुझा साबणासारखा राहतो. भाजीवाला शांतपणे ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "डॉक्टर साब, कितना किलो?" घरी काकूंच्या आल्याच्या चहाला ते काढा म्हणायचे. आयर्लंडचा चहा कसा, नुसता उकळत्या पाण्यात मुरलेला, दूध वरून. हे सांगताना त्यांचा काढ्याचा दुसरा कप चालू असायचा.

हे सगळं वर्षभर सोसण्यासारखं होतं. खरी परीक्षा असायची सतरा मार्चला.

सतरा मार्च म्हणजे आयरिश लोकांचा सेंट पॅट्रिक्स डे. परधर्माचे सण सौदीत उघड करता येत नसत, म्हणून तो काका दरवर्षी घरात पडदे ओढून साजरा करायचे, आणि त्याला आम्ही सगळ्यांनी हजर असणं सक्तीचं होतं. मुलांनी नखशिखान्त हिरव्या कपड्यांत यायचं. हिरवे कपडे सौदीत कमी नाहीत. सप्टेंबरात इथला राष्ट्रीय दिवस झाला, की हिरव्या टोप्या, मफलर, फेटे पडत्या भावात मिळतात. काका तेव्हाच पोतंभर आणून ठेवायचे. टोपीवरची सौदी चिन्हं, तलवार आणि खजुराचं झाड, काकूंनी उसवायची. आयर्लंडचं चिन्ह म्हणजे तीन पानांचं शॅमरॉक. ते ताइफमध्ये कुठून येणार? पहिल्या वर्षी काकूंनी मेथी दिली. तिलाही तीनच पानं. पण संध्याकाळभर आम्ही मेथीच्या वासाचे झालो, म्हणून पुढच्या वर्षीपासून काका शेळ्यांच्या चाऱ्याच्या दुकानातून तीन पानांच्या बरसीम गवताची पेंढी आणू लागले. दुकानदाराला डॉक्टरने शेळ्या पाळल्यात असं वाटायचं. तो दरवेळी शेळ्यांच्या तब्येतीची चौकशी करायचा.

मग काका भाषण करायचे. सेंट पॅट्रिकने आयर्लंडमधून सगळे साप हाकलून दिले, ही कथा. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "म्हणजे उलटी नागपंचमीच की." मग मटण-बटाट्याचा आयरिश स्ट्यू, ज्यात काकूंनी गुपचूप गोडा मसाला घातलेला असायचा. "असाच! अगदी असाच वास असायचा!" काका म्हणायचे. मग बिनदारूची बिअर उंचावरून ग्लासात ओतून तिला फेस आणायचा. आणि सगळ्यात शेवटी मिरवणुकीची गोष्ट.

ती गोष्ट आम्हाला पाठ होती. डब्लिनच्या हमरस्त्यावर लाखभर माणसं. काका पुढच्या रांगेत. ढोल, बासऱ्या, बग्ग्या. एका बग्गीचा घोडा काकांच्या समोर येऊन थांबतो आणि त्यांच्या गळ्यातला हिरवा मफलर चावायला लागतो. काका ओढतायत, घोडा ओढतोय, लोक टाळ्या वाजवतायत. शेवटी एक धिप्पाड पोलीस येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, सोडा, तो भुकेला आहे!" इथे काका स्वतः घोडा व्हायचे. मग आम्ही तिन्ही मुलांनी दिवाणखान्यातून बाल्कनीच्या दारापर्यंत आणि परत अशी मिरवणूक काढायची, भांडी बडवत. निखिल दहा वर्षांचा झाल्यापासून पुटपुटत चालायचा, "धिस इज सो एम्बॅरसिंग."

एका वर्षी काकांना वाटलं, मिरवणूक घरात कसली, खाली आवारात काढू. आम्ही हिरवेगार होऊन जिन्याखाली उतरलो, तर शाळेच्या बसचे पाकिस्तानी ड्रायव्हर खानचाचा बस पुसत उभे होते. त्यांना गहिवरून आलं. म्हणाले, "डॉक्टर साब, हमारा पाकिस्तान डे तो तेईस मार्च को है, मगर शुक्रिया." ते आटपेपर्यंत समोरच्या घरातले अबू फहद गाडीतून उतरले. वयस्कर, प्रेमळ माणूस. हिरवी मुलं बघून त्यांनीही आम्हाला जवळ घेतलं, पण मग गोंधळून विचारलं, की राष्ट्रीय दिवस तर सप्टेंबरात असतो ना?

आता काकांचं अरबी सगळं पेशंटांकडून शिकलेलं. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, पोट साफ झालं का. एवढ्या भांडवलावर त्यांनी सेंट पॅट्रिक सांगायला घेतला. हातवारे करून म्हणाले, "साप. पुष्कळ साप. एक माणूस आला. साप खलास."

अबू फहद गंभीर झाले. "कुठे? इथे?"

काका म्हणाले, "हो हो, सगळीकडे. पण आता खलास!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, गाडी आली. अबू फहदनी फोन करून बोलावली होती. दोन माणसांनी तोंडाला फडकी बांधून इमारतीभोवती पांढरी पावडर टाकली आणि आठवडाभर मुलांना खाली खेळायला बंदी झाली. अबू फहदनी वर खजुराचा डबा पाठवला आणि निरोप दिला, की घाबरू नका. काकूंनी डबा घेतला आणि काकांकडे नुसतं पाहिलं. पुढची मिरवणूक पुन्हा दिवाणखान्यात.

आमच्या घरात काकांची टिंगल हा रोजचा कार्यक्रम होता, आणि त्यातली मुख्य कलाकार मी. मी त्यांचा घोडा हुबेहूब करायचे. एकदा गणपतीत एकाच्या घरी दहाबारा मराठी कुटुंबं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "अगं, ते सोहनींचं करून दाखव." मी बिचकले, कारण काका समोरच बसले होते. पण सगळे मागे लागले आणि मी केलं: मफलर, घोडा, पोलीस, सगळं. लोक हसून हसून वाकले. सगळ्यात मोठ्यांदा काका हसत होते. झाल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, "घोडा ग्रँड जमलाय. पण पोलिसाचा उच्चार चुकतोय. परत म्हण." आणि त्यांनी तो माझ्याकडून चारचौघांत तीनदा म्हणवून घेतला.

मी अकरा वर्षांची असताना त्यांच्या विभागाचे प्रमुख सोडून गेले. ती जागा काकांना मिळणार असं बाबा धरून चालले होते. डिग्री डब्लिनची, अनुभव सगळ्यांपेक्षा जास्त, नवीन येणारा प्रत्येक डॉक्टर आधी काकांच्या हाताखाली तयार व्हायचा. काका स्वतः काही बोलत नव्हते, पण त्या महिन्यात त्यांनी दोन नवे टाय घेतले.

जागेवर आले डॉ. डेक्लन. वय तेहतीस, आणि अस्सल आयरिश. हॉस्पिटलच्या कागदांत डॉक्टरची हुद्द्याची पायरी, घर आणि वर्षाची सुट्टी ठरवताना डिग्रीबरोबर पासपोर्टचा रंगही बघायचे, हे लॅबमधल्या बाबांनाही माहीत होतं. डेक्लनना झाडांचं कुंपण आणि पोहण्याचा तलाव असलेल्या वसाहतीत घर मिळालं. आणि कुठली फाइल कुठे असते, कुठल्या नर्सशी कसं बोलायचं, हे त्यांना शिकवायला काकांना नेमण्यात आलं.

त्या रात्री जेवताना बाबा संतापून म्हणाले, "यांनी जन्मभर आयर्लंडची पालखी वाहिली, आणि तेच येऊन डोक्यावर बसलं!" आई म्हणाली, "हळू बोला, वर ऐकू जातं."

वर काही वेगळंच चाललं होतं. काकांना डेक्लनबद्दल राग आलेलाच दिसत नव्हता. ते हरखून गेले होते. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या सतरा मार्चला खराखुरा आयरिश माणूस येणार होता.

त्या वर्षी पाडवा नेमका आदल्या दिवशी आला. काकूंना वर्षातला हा एकच सण मनापासून करायचा असायचा. बाल्कनीच्या आतल्या बाजूला, पडद्याआड, लहानशी गुढी. कडुनिंब ओळखीच्या माळ्याकडून. श्रीखंडाचा चक्का आदल्या रात्रीपासून टांगलेला. पण काका सकाळपासून हॉलमध्ये हिरव्या पताका लावत शिडीवर उभे. गुढीपुढे हात जोडायलाही शिडीवरून उतरले नाहीत. तिथूनच नमस्कार केला. काकू माझ्या आईला म्हणाल्या, "यांच्या पॅट्रिकबाबांनी साप हाकलले म्हणे. मला हे शिडीवरून हाकलता येईनात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला डेक्लन आले. आम्ही दाराशी ओळीने उभे, डोक्यापासून पायापर्यंत हिरवे, छातीवर बरसीम. काकांनी हिरवा टाय लावलेला. डेक्लन निळा शर्ट आणि जीन्स घालून, हातात चॉकलेटचा डबा घेऊन उभे. त्यांनी आम्हाला बघितलं, पताका बघितल्या, आणि चेहऱ्यावर एकदम खेळातून घरी परत बोलावून घेतलेल्या मुलासारखा भाव आला.

"अरे देवा," ते इंग्रजीत म्हणाले. "मला वाटलं होतं, इथे तरी यातून सुटलो."

काका मोठ्याने हसले. त्यांना तो विनोद वाटला. पण माणूस खरंच बोलत होता. लहानपणी आई ओढत मिरवणुकीला न्यायची, दरवर्षी पाऊस, दरवर्षी सर्दी. आता तर तो दिवस म्हणजे नुसता गोंगाट आणि ओकाऱ्या. स्ट्यू बघून त्यांनी नम्रपणे दोन चमचे खाल्ला. मग काकूंनी संकोचत आदल्या दिवशीचं श्रीखंड आणि गरम पुऱ्या पुढे केल्या. डेक्लननी पुऱ्या खाल्ल्या आठ. "हे कुठल्या सणाचं?" त्यांनी विचारलं. काकूंनी पडदा बाजूला करून गुढी ठेवलेली जागा दाखवली, काठी कशी, कलश कसा, हे मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आणि तो माणूस पुरी हातात धरून ऐकत राहिला. काकांच्या पताकांकडे कुणीच बघत नव्हतं.

काकांनी घसा साफ केला. निखिलला त्यांची दया आली असावी. तो म्हणाला, "बाबा, टेल हिम द हॉर्स वन."

"हो, सांगा ना," डेक्लन म्हणाले. "तुम्ही कुठे उभे असायचा? माझी आई कायम पुलाजवळ उभी राहायची."

मी घोड्याची वाट बघत होते. काकांनी गळ्याशी हात नेला, जसा गोष्टीच्या सुरुवातीला न्यायचे. मग तो हात तिथेच राहिला. अस्सल आयरिश माणसाला पूल, रस्ता, रांग सगळं माहीत होतं. काकांनी हात खाली घेतला.

"कॅज्युअल्टीत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी कॅज्युअल्टीत असायचो. चारही वर्षं. मिरवणूक मी पाहिलेली नाही."

निखिल म्हणाला, "बट बाबा, द हॉर्स..."

"घोड्याचं एका पेशंटने सांगितलं होतं. मी त्याच्या हनुवटीला टाके घालत होतो." काका आता आमच्याकडे न बघता बोलत होते. "त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी हवी असायची. मी आणि एक सुदानी डॉक्टर, आम्हा दोघांची नावं ड्यूटीच्या यादीत आधीच लिहिलेली असायची. दुपारपासून माणसं यायला लागायची. फुटलेली डोकी, मोडलेले हात. सगळे हिरवे. ढोलाचा आवाज यायचा खिडकीतून, पण खिडकी मागच्या गल्लीत उघडायची."

"चारही वर्षं?" डेक्लननी विचारलं.

"कुणीतरी असायला हवं होतं."

डेक्लनचे कान लाल झाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी उजव्या भुवईवरचे केस बाजूला केले. बारीक पांढरी रेघ होती. कॉलेजात असताना, याच दिवशी, एका दारातून पडून. "हे टाकेसुद्धा एका भारतीय डॉक्टरनेच घातले होते," ते म्हणाले.

काका चष्मा वर करून पुढे झुकले. पेशंटची बघावी तशी त्यांनी ती रेघ अंगठ्याने ताणून पाहिली. "नाव काय त्याचं?"

"आठवत नाही."

"विचारलं होतंस?"

डेक्लननी केस पुन्हा भुवईवर ओढले. ओंकार बिअरच्या फेसात बोट घालून बसला होता.

"टाके उत्तम आहेत," काका म्हणाले आणि मागे टेकले. "मंगल, अजून पुऱ्या आण."

त्या संध्याकाळी आम्ही खाली उतरलो. घरात आल्यावर मी सवयीने घोड्यासारखी मान हलवली, ओंकारला हसवायला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी टोपी काढून कपाटात ठेवून दिली. मला सगळ्यात जास्त लागलं ते गणपतीतलं. माझ्याकडून पोलिसाचा उच्चार तीनदा घटवून घेणारा हा माणूस त्या पोलिसाला कधी भेटलाच नव्हता. आणि मी मात्र त्याच्या खोट्याची नक्कल करून टाळ्या घेतल्या होत्या.

डेक्लननी पुढे काही थोर केलं, असं नाही. वर्षाचा करार संपल्यावर दुसऱ्या देशात चांगली नोकरी मिळाली आणि ते गेले. जाताना काकांसाठी शिफारशीचं पत्र लिहिलं, म्हणे फार सुंदर. त्यावर हॉस्पिटलने आणखी एक आयरिश डॉक्टर आणला. काकांनी त्यालाही फायली कुठे असतात ते दाखवलं.

पुढच्या सतरा मार्चला आम्हाला बोलावणं येणार नाही, असं आई म्हणत होती. आलं. पण पताका नव्हत्या, बरसीम नव्हतं, आणि हिरवे कपडे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. निखिल काळा टी-शर्ट घालून बसला. जेवणं झाल्यावर काकांनी पहिल्यांदा कॅज्युअल्टीतल्या गोष्टी सांगितल्या. एक माणूस ढोल फोडून त्यात डोकं अडकवून आला होता आणि ढोल कापू देईना, कारण तो चर्चचा होता. एका नवरदेवाला स्वतःच्या लग्नाचा पत्ता आठवेना. त्या सुदानी डॉक्टरने घरून आणलेल्या भाकऱ्या आणि काकांनी केलेली बटाट्याची भाजी, दोघांनी स्ट्रेचरवर बसून खाल्ली होती. आम्ही इतके हसलो की काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. घोड्याच्या गोष्टीपेक्षा हे कितीतरी चांगलं होतं. एवढी वर्षं हे सांगितलं का नाही, असं बाबांनी विचारलं, तर काका म्हणाले, "यात मी कुठे आहे? मी तर नुसता टाके घालतोय."

काका साठीचे झाले आणि त्यांचं फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जाणं, लागलं. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द झाला, की ठरल्या मुदतीत देश सोडायचा. निखिल तोपर्यंत पुण्यात इंजिनिअरिंगला, काकूही त्याच्याकडे पुढे गेलेल्या. जुलै महिना होता. बाबांनी आणि मी काकांना डोंगर उतरून जेद्दाच्या विमानतळावर पोचवलं. काउंटरवर मोठी बॅग चार किलो जास्त भरली. काउंटरवरचा मुलगा ऐकेना. काकांनी तिथेच फरशीवर बसून बॅग उघडली. वर पुस्तकं, काकूंचा पोळपाट, भिंतीवरचं घड्याळ. यातलं काहीच टाकवेना. मग त्यांनी तळातून एक काळा, जाड, लोकरीचा ओव्हरकोट उपसला. गुडघ्याच्या खालीपर्यंत येणारा, कोपरावर चामड्याचं ठिगळ लावलेला. तो आम्ही कधीच पाहिला नव्हता. डब्लिनला पहिल्या हिवाळ्यात जुन्या बाजारातून घेतलेला, ते म्हणाले. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं.

काकांनी उभं राहून तो अंगात घातला. बॅगेचं वजन बरोबर भरलं.

बाबा म्हणाले, "अहो डॉक्टर, काढा तो. मी नेतो घरी, मागाहून कुणाबरोबर तरी पाठवीन."

"छे," काका म्हणाले. "हा असाच बरा." त्यांचं कपाळ आत्ताच घामाने डबडबलं होतं. त्यांनी बाबांशी हात मिळवला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले.

काचेतून पलीकडचं दिसत होतं. तपासणीच्या अधिकाऱ्याने त्यांना कोट काढायला लावला. तो एका ट्रेमध्ये मावेना, म्हणून दुसरा मागवावा लागला. मागची रांग थांबली. अधिकारी "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. काकांनी पलीकडे जाऊन कोट पुन्हा घातला आणि सावकाश, खालपासून गळ्यापर्यंत, एकेक करून सगळी बटणं लावली. मक्केची उमरा यात्रा करून परतणारी माणसं झमझमच्या पाण्याचे कॅन घेऊन त्यांच्याकडे वळून वळून बघत होती. ते कुणाकडे न बघता चालत राहिले.